कूलरच्या पाण्यावर कर्दळ आणि धोपा

कॅन्डेलाब्रा प्रिमरोझचे फोटो पाहून मलाही वाटायचं की घरामागच्या ओल्या कोपऱ्यात अशीच मजल्यामजल्यांची फुलं यावीत. पण ते झाड जपान, युनान, हिमालयाकडच्या ओल्या जागांचं, त्याला पाय ओले लागतात आणि थंडही लागतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, तर वेगळाच. म्हणून तो नाद सोडा आणि त्याच जागेत कर्दळ लावा, खरंच सांगते, लाल-पिवळ्या फुलांनी कोपरा भरून जातो.

जागा कूलरचं पाणी जिथं सांडतं तिथली घ्या, पण सकाळचं ऊन हवंच, नाहीतर नुसती पानं वाढतात. आपली काळी माती पाणी धरते पण उन्हाळ्यात तडकते आणि पावसात चिकट होते, म्हणून तीन घमेली मातीत एक घमेलं कुजलेलं शेणखत आणि थोडी वाळू मिसळा. पहिला पाऊस झाला की जूनमध्ये कर्दळीचे कंद काढा, प्रत्येक तुकड्यावर दोन-तीन डोळे ठेवा, चार बोटं खोल आणि दीड-दीड फुटावर लावा. बी लावायचं असेल तर ते इतकं टणक असतं की आधी पॉलिश पेपरवर घासून रात्रभर पाण्यात ठेवावं लागतं, त्यापेक्षा शेजारणीकडून कंद मागा, कुणी नाही म्हणत नाही!

पुढच्या बाजूला धोपा, म्हणजे अळू, लावा. वड्यांना पानंही मिळतात आणि ती सावली धरतात म्हणून कर्दळीच्या मुळाजवळची ओल टिकते.

आता महत्त्वाचं. कूलरचं पाणी आटत आटत खारट होतं, मातीवर पांढरा थर दिसला की समजायचं, मग साध्या पाण्याने भरपूर धुऊन काढा. शिवाय माती ओली ठेवायची, पाणी साचू द्यायचं नाही, डासांचं सांगायला नको, कूलरची टाकीही आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासाच.

कर्दळीचा एक दांडा एकदाच फुलतो, फुलं संपली की तो जमिनीलगत कापून टाका, बाजूने नवे कोंब येतात. गुंडाळलेली पानं दिसली तर उघडून बघा, आत हिरवी अळी असते, हाताने काढली तरी पुरते. फवारणी मी कधी केली नाही कारण शेजारीच खायचा धोपा आहे.

तीन वर्षांनी गर्दी झाली की कंद उपसा, अर्धे परत लावा आणि अर्धे वाटून टाका.