कुत्र्याच्या वासाच्या गॅसवर औषध शोधताय? आधी या चुका टाळा

इंदुरात पोह्यांवर शेव पडते, भाजीत शेव पडते आणि थोडी जमिनीवरही पडते. ती जमिनीवरची कुठे जाते हे घरातल्या लॅब्रॅडॉरला विचारा. आणि रात्री झोपायच्या खोलीत नाकाला रुमाल लावायची वेळ आली, की डॉक्टरांना फोन करण्याआधी हाच प्रश्न घरातल्या वडीलधाऱ्या अण्णांनाही विचारा.

कुत्रा पादणारच. अधूनमधून वारा सरला तर तो आजार नव्हे. पूर्वीचा कुत्रा अंगणात असायचा, वास अंगणातच विरायचा. आता तो बंद खोलीत, एसीखाली, पलंगाच्या पायथ्याशी झोपतो, म्हणून लक्षात येतं. पण खोली सोडून बाहेर पळावं लागत असेल, तेही रोज, तर काहीतरी चुकतंय, आणि बहुतेक वेळा ते खाण्यातच चुकतंय.

आधी एक समजून घ्या. पोटातल्या गॅसचा बहुतेक भाग, म्हणजे गिळलेली हवा, कार्बन डायऑक्साइड, हायड्रोजन, मिथेन, बिनवासाचा असतो. नाकात जाते ती गंधकाची संयुगं, मुख्यतः हायड्रोजन सल्फाइड, आणि ती एकूण गॅसच्या एक टक्क्याहूनही कमी असतात. लहान आतड्यात न पचलेलं अन्न मोठ्या आतड्यात पोचतं, तिथले जिवाणू त्यावर ताव मारतात, तेव्हा ती तयार होतात. म्हणून आवाज फार आणि वास कमी असेल तर संशय घाईने गिळण्यावर घ्या. आवाज नाही पण घर रिकामं होतंय, तर वाटीत काय पडतंय ते बघा.

दूध-पोळी हे पूर्ण जेवण समजणं

रामबाग असो की सुदामानगर, आपल्या मराठी घरांत कुत्र्याचं जेवण म्हणजे दूध-पोळी, हे जणू गृहीतच असतं. पोळीने फारसं बिघडत नाही. अडचण दुधाची आहे. पिल्लू आईचं दूध सोडतं तसं दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारं विकर त्याच्या पोटात कमी होत जातं. मोठ्या कुत्र्याला वाटीभर दूध पाजलं की बऱ्याच जणांच्या पोटात ते आंबतं, गॅस होतो, कधी शी पातळ होते. "पण त्याला आवडतं ना!" आवडणं वेगळं, पचणं वेगळं. घरचं विरजलेलं दही चमचाभर पोळीला लावलं तर चालतं, कारण त्यात लॅक्टोज कमी असतं. श्रीखंड मात्र दह्याचं असलं तरी साखरेमुळे त्याच्या वाटणीला नको.

शिवाय नुसत्या दूध-पोळीवर कुत्र्याला पुरेशी प्रथिनं मिळत नाहीत. शाकाहारी घरात ती भरून काढायला डाळ आणि सोयावडी येते, आणि तिथून पुढचा गोंधळ सुरू होतो.

शेव, कचोरी, उसळीचा कट

हरभरा, वाटाणा, मटकी, सोयाबीन यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात. त्या तोडणारं विकर कुत्र्याकडे नाही (आपल्याकडेही नाही, पण आपण निदान खोलीबाहेर जातो). त्या जशाच्या तशा मोठ्या आतड्यात उतरतात. बेसन म्हणजे हरभऱ्याची डाळच, तेव्हा शेव म्हणजे तळलेला, खारट, मसालेदार हरभरा. त्यात लसणाची शेव असेल, किंवा पोह्यांतला कांदा असेल, तर प्रश्न गॅसचा राहतच नाही: कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. ते शिजवून दिले तरी तेच.

भुट्ट्याच्या किसात दूध असतं आणि हिरवी मिरचीही. दाल-बाफल्यांच्या जेवणानंतर तुपात निथळणारा बाफला कुत्र्यापुढे टाकायची हौस तर आवराच. एवढ्या स्निग्धाने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. कोबी, फुलकोबीतही गंधक असतं. अंडं वाईट नाही, पण त्यातही गंधक आहे, तेव्हा रोज दोन अंडी चालू असतील तर तपासाच्या यादीत तीही घ्या. पिशवीतलं तयार खाद्य देत असाल तर पिशवी उलटी करून घटक वाचा: सोया आणि वाटाणा पहिल्या चार-पाच नावांत आहेत का?

आणि ओल्या कचऱ्याची बादली. सकाळी गाडी गाणं वाजवत येते तोवर ती रात्रभर ओट्याखाली असते. कुत्रा तेवढ्यात जेवून घेतो. झाकण घट्ट बसणारी बादली आणा, नाहीतर ती बाल्कनीत बंद ठेवा.

घरच्यांना न सांगता पथ्य सुरू करणं

सगळे उपाय इथे फसतात. उपाय असा: दहा दिवस कुत्र्याला त्याचं नेहमीचं खाणं द्यायचं आणि त्याव्यतिरिक्त काहीही नाही. दूध नाही, बिस्कीट नाही, ताट चाटणं नाही. वास कमी झाला तर चोर वरच्या खाण्यात होता. मग एकेक पदार्थ तीन-चार दिवसांच्या अंतराने परत आणून बघा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण कोणत्या दिवशी काय दिलं हे कुणालाच आठवत नाही.

पण जेवताना टेबलाखाली काय चालतं?

"अण्णा, त्याला काही देऊ नका हं."
"अगं, बोटभर शेव ती काय!"
"बोटभर बोटभर करत वाटी होते, अण्णा."

अण्णांना थांबवता येत नाही, म्हणून त्यांचा हात थांबवायच्या फंदात पडू नका. कुत्र्याच्याच रोजच्या खाद्यातली मूठभर एका डबीत काढून अण्णांच्या ताटाशेजारी ठेवा. त्यांना द्यायचं असतं, त्याला घ्यायचं असतं. दोघांचं समाधान होतं. डबीतलं खाद्य दिवसाच्या मापातून वजा करायला मात्र विसरू नका.

दहा दिवसांत काहीच फरक नाही? मग मूळ खाद्य बदलायचं, पण एका रात्रीत नाही. ही आणखी एक नेहमीची चूक. पहिले दोन-तीन दिवस पाव भाग नवं, मग अर्धं-अर्धं, मग पाऊण, असं सात ते दहा दिवसांत बदला. एकदम बदललंत तर गॅस वाढेल आणि तुम्ही चांगल्या खाद्याला दोष देऊन पुन्हा जुन्यावर याल.

बकाबका खाणं

स्टीलच्या वाटीत खाद्य ओतल्याचा खळखळाट आणि अर्ध्या मिनिटात वाटी ढकलल्याचा आवाज, एवढंच ऐकू येत असेल तर कुत्रा चावत नाहीये, हवेसकट गिळतोय. पग, बॉक्सर, बुलडॉग अशा बसक्या नाकाच्या जाती तर मुळातच हवा जास्त गिळतात. हळू खायला लावणारी भांडी बाजारात मिळतात, पण माळ्यावरचं जुनं बिडाचं अप्पेपात्र काढा. प्रत्येक खळग्यात थोडं थोडं खाद्य टाका. जड असल्याने ते सरकतही नाही. दिवसातून एकदाच ढीगभर देण्यापेक्षा दोन-तीनदा विभागून द्या. दोन कुत्री असतील तर वेगवेगळ्या खोल्यांत जेवू द्या, चढाओढीत गिळणं वाढतं. हलका फेरफटका मारला की वारा बाहेरच सरतो आणि शीही वेळेवर होते. उन्हाळ्यात मात्र तो पहाटे आणि रात्रीच.

आपल्या औषधांचा डबा उघडणं

फेसाळणारं फ्रूट सॉल्ट पोटात कार्बन डायऑक्साइडच सोडतं, म्हणजे आहे त्या गॅसमध्ये भर. बाजारातल्या बांधानी हिंगात पीठ मिसळलेलं असतं, आणि कुत्र्यासाठी त्याची ठरलेली मात्रा नाही. पोट दुखतंय असं वाटून आयबुप्रोफेन दिलंत तर त्याच्या जठराला जखमा होतील आणि मूत्रपिंडांवर घाव बसेल.

वासावर खरंच काही चालतं का? 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कुत्र्यांना सक्रिय कोळसा, युक्का वनस्पती आणि झिंक ॲसिटेट दिलं होतं. पादण्याची संख्या कमी झाली नाही, पण फार दुर्गंधीचे प्रसंग घटले. म्हणजे वास कमी होतो, गॅसचं मूळ कारण मात्र तसंच राहतं. कोळसा इतर औषधंही शोषून घेतो, त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

सगळा वास गॅसचाच समजणं

मासळीसारखा उग्र वास, कुत्रा ढुंगण फरशीवर घासतोय, सारखा मागे वळून चाटतोय: हा गॅस नव्हे, गुदद्वाराजवळच्या ग्रंथी भरल्या आहेत. त्या डॉक्टर रिकाम्या करतात. इथे पथ्याने काही होत नाही.

जंतांनी आणि जिआर्डिया नावाच्या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीनेही गॅस होतो. भूक राक्षसासारखी पण अंग झडत चाललंय, शी फिकट, तेलकट, ढीगभर, असं दिसलं तर स्वादुपिंडाची विकरं कमी पडत असावीत. जर्मन शेफर्डमध्ये हे जास्त आढळतं.

आणि एका बाबतीत दहा दिवस तर सोडाच, दहा मिनिटंही थांबू नका. पोट अचानक फुगून टणक झालंय, उलटीसाठी जोर करतोय पण काही पडत नाही, लाळ गळतेय, एका जागी बसवत नाही: जठर फुगून पीळ पडल्याची ही खूण आहे. ग्रेट डेन, डॉबरमन, जर्मन शेफर्ड अशा खोल छातीच्या जातींना धोका जास्त. काही तासांत जीव जातो, तेव्हा मध्यरात्र असली तरी गाडी काढा.

एरवी दवाखान्यात जाताना, मग तो गल्लीतला असो की महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातला, त्याच सकाळची ताजी शी स्वच्छ डबीत घेऊन जा. जिआर्डिया प्रत्येक शीत सापडतोच असं नाही, म्हणून एक नमुना निर्दोष आला तरी डॉक्टर पुन्हा मागू शकतात. कॅलेंडरवरच्या नोंदींचा फोटो दाखवा, खाद्याच्या पिशवीचाही. आणि शक्य असेल तर अण्णांनाही सोबत न्या. शेव बंद केली की नाही हे डॉक्टर त्यांनाच विचारतील.