जुन्या ऑफिस लॅपटॉपवर कोअरबूट पोर्ट करताय? या चुका टाळा

पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांतून निघालेले थिंकपॅड, एलिटबुक, लॅटिट्यूड बेळगावच्या सेकंडहँड बाजारात नेहमी मिळतात. निपाणी-खानापूरची कॉलेजची मुलं तेच घेतात. यंत्र दणकट असतं, पण बायॉस (यंत्र चालू होताच आधी चालणारा कंपनीचा प्रोग्राम, म्हणजेच फर्मवेअर) जुना आणि बंदिस्त. थिंकपॅड एक्स230 वर तर कंपनीच्या यादीबाहेरचं वायफाय कार्ड लावलं की बूटच थांबतो. अशा यंत्रावर बायॉसच्या जागी कोअरबूट हे मोकळं फर्मवेअर चालेल असं करणं, म्हणजे पोर्ट करणं, हे मोलाचं काम आहे, आणि ते बिघडतं ते बहुतेकदा कोडमुळे नाही, कोडच्या आधी केलेल्या घाईमुळे.

पहिली घाई खरेदीतच होते. इंटेलच्या चौथ्या पिढीपासून (2013) बूट गार्ड हे कुलूप आलं. कंपनीने ते चिपसेटमध्ये कायमचं चालू केलं असेल, तर तिची सही नसलेलं फर्मवेअर सुरूच होत नाही. थिंकपॅड टी440पी त्याच पिढीचा असूनही चालतो, पण त्यावरून शेजारच्या मॉडेलचा अंदाज बांधू नका. शिकायला दुसरी-तिसरी पिढीच घ्या: एक्स220, टी420, एक्स230, टी430. या पिढ्यांची रॅम चालू करणारा कोड कोअरबूटमध्येच आहे, कंपनीची बंद फाइल लागत नाही.

आता बॅकअप. यावर मी जास्त बोलणार, कारण पोर्टिंगमधलं बाकी सगळं दुरुस्त होतं. तुमच्या बायॉसच्या चिपमधला मूळ मजकूर गेला तर तो दुसरीकडे कुठेच नसतो. एक्स230 मध्ये दोन चिप आहेत, 8 एमबी आणि 4 एमबी. 8 एमबीच्या चिपमध्ये डिस्क्रिप्टर (चिपमधल्या भागांचा नकाशा), मॅनेजमेंट इंजिन (इंटेलच्या चिपसेटमधल्या छोट्या प्रोसेसरचं फर्मवेअर) आणि लॅनचा भाग असतो, आणि त्या लॅनच्या भागात तुमच्या यंत्राचा मॅक पत्ता (नेटवर्कवरची त्याची ओळख). मित्राच्या लॅपटॉपची फाइल जशीच्या तशी चढवली तर एकाच नेटवर्कवर दोन यंत्रं एका पत्त्याने भांडतील.

फ्लॅशरॉम या प्रोग्रामने चिप दोन-तीनदा वाचा आणि चेकसम (फाइलवरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळवा, हे सगळेच सांगतात. ते पुरेसं नाही. चिपला प्रोग्रामरशी जोडणारी क्लिप नीट बसली नसेल तर कधीकधी प्रत्येक वेळी नुसते एफएफ (कोऱ्या चिपची खूण) किंवा शून्यच वाचले जातात, आणि चेकसम मात्र छान जुळतो! म्हणून फाइल आयएफडीटूलमध्ये, म्हणजे तिचे भाग वेगळे करणाऱ्या कोअरबूटच्या साधनात, उघडा. एक्स230 असेल तर आधी 8 ची, मग 4 ची अशा क्रमाने दोन्ही जोडून घ्या. सगळे भाग वेगळे निघाले तरच तो बॅकअप खरा. मग त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा आणि दुसरी घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर.

प्रोग्रामर म्हणजे चिप वाचणारं-लिहिणारं उपकरण. त्याची चूक चिपच मारते. बाजारात मिळणारा काळा सीएच341ए प्रोग्रामर चिपला 3.3 व्होल्ट देतो, पण त्याच्या डेटाच्या तारांवर 5 व्होल्ट येतात. मल्टिमीटर नसेल तर बेळगावच्या उद्यमबागेत कुणाकडूनही मागून घ्या आणि मोजल्याशिवाय क्लिप लावू नका. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरच्या पिना 3.3 व्होल्टच्याच असतात, तो बरा. तारा आखूड ठेवा, लॅपटॉपचा चार्जर आणि बॅटरी दोन्ही काढा. पावसाळ्यात आपल्याकडे लाईटचा भरवसा नसतो, तेव्हा प्रोग्रामर डेस्कटॉपला न लावता चार्ज असलेल्या दुसऱ्या लॅपटॉपला लावा. लिहिताना मध्येच थांबलं तरी घाबरू नका, क्लिप लावून पुन्हा लिहिता येतं.

मूळ बायॉस पुसण्याआधी दोन कामं उरकायची असतात. थिंकपॅडच्या कीबोर्ड-बॅटरीचा ताबा असलेल्या ईसीला (एम्बेडेड कंट्रोलर या छोट्या चिपला) कोअरबूट हात लावत नाही, आणि त्याचं अपडेट कंपनीच्या बायॉसमधूनच होतं. ते आधी करा. दुसरं म्हणजे नोंदी. नवीन बोर्ड पोर्ट करायचा असेल तर ऑटोपोर्ट हे साधन मूळ बायॉसवर चाललेल्या लिनक्समध्येच चालवायचं, कर्नलला आयोमेम=रिलॅक्स्ड (iomem=relaxed) हा पर्याय देऊन. जीपीआयओ (चिपसेटच्या पिना), ऑडिओ, यूएसबीची माहिती ते तिथूनच उचलतं. त्यातून निघतो तो सांगाडा. एचपी-डेलच्या यंत्रांत खरी मेहनत ईसीचीच: बॅटरीची टक्केवारी, एफएनच्या कळा, झाकण मिटल्याची खबर.

स्क्रीन काळी राहिली की "मेला" म्हणून मोकळे होऊ नका. पहिल्या बूटला रॅमचं ट्रेनिंग (रॅमची जुळवणी) चालतं, थोडं थांबा. मग बाहेरचा मॉनिटर लावून पाहा. अनेकदा व्हीबीटी (स्क्रीनच्या जोडणीची माहिती असलेली) फाइल घालायची राहिलेली असते, किंवा स्क्रीन चालू करणाऱ्या लिबजीएफएक्सइनिट या लायब्ररीच्या पोर्टांच्या यादीत एलव्हीडीएस, म्हणजे लॅपटॉपचा आतला, पॅनलच नसतो. ही लायब्ररी अडा भाषेत आहे, म्हणून कोअरबूटचा कंपायलर बांधण्याआधी नॅट (GNAT, अडाचा कंपायलर) हवा, नाहीतर ती बिल्डमध्ये येतच नाही.

यंत्र बरोबर अर्ध्या तासाने बंद पडतंय? थर्मल पेस्ट बदलत बसू नका. मॅनेजमेंट इंजिनचा भाग पूर्ण पुसला की या पिढ्या 30 मिनिटांनी स्वतःहून बंद होतात. एमई_क्लीनर हे साधन जरुरीपुरता भाग शिल्लक ठेवतं, तेच वापरा.

विंडोज सापडत नसेल तर पेलोड, म्हणजे कोअरबूटनंतर चालून ऑपरेटिंग सिस्टिम उठवणारा प्रोग्राम, पाहा. यूईएफआयमध्ये (बायॉसनंतरच्या नव्या पद्धतीत) इन्स्टॉल केलेलं विंडोज सीबायॉस या पेलोडवर उठत नाही, त्याला ईडीके2 हा पेलोड लागतो.

पोर्ट चालला की कोअरबूटच्या गेरिटवर (जिथे कोड तपासून घेतात त्या साइटवर) पाठवा. सोबत काय तपासलं आणि काय नाही, झोपेतून उठणं, डॉक, ट्रॅकपॉइंट, हे एकेक करून लिहा. न तपासलेल्या गोष्टीपुढे "चालतं" लिहिलेलं असलं, तर पुढचा माणूस त्या भरवशावर आपलं यंत्र उघडतो.