जुनी एमजीबी विकत घेताना: आधी सिल बघा, बाकी सगळं नंतर

एमजीबी, म्हणजे एमजी कंपनीची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, विकायला निघाली की जाहिरातीत तीन गोष्टी हमखास असतात: चकचकीत रंग, चामड्याच्या नव्या सीटा आणि ‘एका झटक्यात चालू होते’. या तिन्हींवरून गाडी घेण्यासारखी आहे की नाही याचा काडीचाही अंदाज येत नाही. तरीही लोक यावरच भाळतात आणि सल्ला देणारेही ‘इंजिनाचा आवाज नीट ऐक’ एवढंच सांगून मोकळे होतात. इथे इंग्लंडात स्थायिक झालेले मराठी मित्र गाडी बघायला निघाले की मला सोबत नेतात. प्रत्येकाला मी जे सांगतो ते इथे एकदाच लिहून ठेवतो.

इंजिन ही दुय्यम गोष्ट का, ते आधी समजून घ्या. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात एमजीबी बनली, पाच लाखांहून जास्त. त्यामुळे पिस्टनपासून दिव्याच्या काचेपर्यंत जवळपास सगळे भाग आजही नवे मिळतात आणि टपालाने घरी येतात. १७९८ सीसीचं ते इंजिन साधं आहे, घरच्या गॅरेजमध्येही खोलता येतं. आधीच्या एमजीए मॉडेलला वेगळी चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, होती आणि बॉडी तिच्यावर बोल्टने बसवलेली असायची. एमजीबीला वेगळी चॅसी नाही. गाडीचा भार तळाचा पत्रा, दोन्ही बाजूंचे सिल (दाराखालच्या पत्र्याच्या पोकळ पेट्या) आणि पुढची-मागची आडवी भिंत मिळून उचलतात. म्हणजे बॉडी कुजली तर गाडीच कुजली. सिलचं काम नीट करून वर रंग म्हटलं की खर्च हजारो पौंडांत जातो आणि तेवढ्यात इंजिन सहज नवं करून होतं.

घरून निघण्यापूर्वी

गाडीचा नंबर विचारून घ्या आणि सरकारी संकेतस्थळावर एमओटीचा, म्हणजे इथल्या वार्षिक वाहन तपासणीचा, इतिहास काढा. तो फुकट मिळतो आणि साधारण २००५ पासूनच्या नोंदी त्यात असतात. पास-नापास राहू द्या, खालचे शेरे वाचा. ‘सिलला गंज’, ‘तळाला गंज’ असा शेरा एका वर्षी असेल आणि पुढच्या वर्षी गायब झाला असेल, तर मधल्या काळात काय काम झालं हा तुमचा पहिला प्रश्न. किलोमीटरचं, इथल्या हिशेबात मैलांचं, कौतुक करू नका. मीटर ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येतो.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. चाळीस वर्षांहून जुन्या आणि मोठे बदल न केलेल्या गाड्यांना मे २०१८ पासून एमओटीची सक्ती नाही. म्हणजे समोरची गाडी कित्येक वर्षांत कोणत्याही तपासनिसाने खालून पाहिलेली नसण्याची शक्यता आहे. मालकाने सक्ती नसतानाही दरवर्षी एमओटी करून घेतली असेल, तर तो माणूस गाडी जपणारा आहे असं मी समजतो.

बोनेटखालच्या पट्टीवरचा चॅसी नंबर व्ही५सी नोंदणीपत्राशी जुळतो का ते बघा. जीएचएनने सुरू होणारा नंबर उघड्या रोडस्टरचा, जीएचडीने सुरू होणारा बंद टपाच्या जीटीचा.

सिल

आता मुख्य काम. बाकी लेख विसरलात तरी चालेल, हा भाग विसरू नका. मला हा भाग समजायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण बाहेरून दिसणारा सिल आणि खरा सिल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सिल म्हणजे दाराखालून, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत गेलेली पत्र्याची पोकळ पेटी. ती एका पत्र्याची नाही. बाहेरचा सिल आपल्याला दिसतो. त्याच्या आत मधोमध एक उभा पडदा असतो, त्याच्या आत आतला सिल, आणि या सगळ्यांच्या बुडाशी ‘कॅसल रेल’ नावाची घडीची पट्टी, जी पुढे तळाच्या पत्र्याला जोडलेली असते. ताकद या चौघांच्या एकत्र असण्यात आहे. बाहेरचा पत्रा नवा आणि आतला पडदा कुजून भुगा झालेला, अशा गाड्या भरपूर आहेत.

गंज आतून बाहेर येतो. पुढचं चाक चिखल-पाणी मागे उडवतं. विंगच्या (चाकावरच्या मडगार्डच्या) आत एक आडोशाचा पत्रा असतो, त्याच्या कडेचं रबर काही वर्षांत सुकून तडकतं. तिथून चिखल आत शिरतो, दाराच्या खांबाच्या पायथ्याशी साचतो, आणि इथल्या हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात ते मीठ त्यात मुरतं. बाहेरून रंगाला एक फुगवटा दिसेपर्यंत आतलं काम संपलेलं असतं. म्हणून ‘फक्त एक छोटासा फोड आहे’ असं विक्रेता म्हणाला की मी त्याचा अर्थ ‘सिल बदलायचा आहे’ असा घेतो.

पहिली खूण सांध्याची. बाहेरचा सिल पुढच्या आणि मागच्या विंगच्या खालच्या भागाआड पुढे गेलेला असतो. त्यामुळे दाराखाली दोन्ही टोकांना, जिथे विंग सिलला भेटते, तिथे उभा सांधा दिसायला हवा. गुडघ्यावर बसा आणि बोट फिरवा. सांधा नसेल, सगळा पत्रा पुढून मागे सलग गुळगुळीत असेल, तर जुन्या सिलवर दुसरा पत्रा चढवलाय किंवा पुट्टी भरून वर रंग मारलाय. स्टीलच्या चकचकीत पट्ट्या सिलवर बसवलेल्या असतील तरीही माझं मत तेच: त्या शोभेच्या असतात, खालचं झाकतात.

दुसरी खूण चुंबकाची. फ्रिजवर लावतो तसलं पातळ, कमी ताकदीचं चुंबक मऊ फडक्यात गुंडाळून सिलवरून सरकवत न्या. जोरकस चुंबक नको, ते पुट्टीवरूनही पत्रा पकडतं. मागच्या चाकाच्या कमानीची कड, पुढच्या विंगचा खालचा कोपरा आणि सिलचा खालचा तिसरा हिस्सा हे सोडू नका.

तिसरी खूण दाराच्या फटीची. गाडी सपाट जमिनीवर उभी असताना दाराच्या मागच्या कडेची फट वरपासून खालपर्यंत सारखी हवी. वर अरुंद आणि खाली रुंद झाली असेल तर गाडी मध्ये खचली आहे. रोडस्टरमध्ये हे लवकर दिसतं, कारण वर बॉडी धरून ठेवायला पक्कं छत नाही. जीटीमध्ये छत बॉडीला सावरून धरतं आणि फट बराच काळ शहाण्यासारखी दिसत राहते. म्हणून जीटी बघताना फटीवर विसंबू नका, खालून जास्त बघा.

आणि चौथी, माझ्या मते निर्णायक, जॅकची परीक्षा. एमजीबीला प्रत्येक बाजूला सिलखाली साधारण मध्यावर जॅकची जागा दिलेली असते. मालकाला विचारून, हँडब्रेक ओढून, चाकांना ठोकळे लावून तिथेच जॅक लावा आणि ती बाजू उचला. कान सिलकडे ठेवा. करकर आवाज आला किंवा पत्रा आत दबला, तर जॅक लगेच खाली घ्या. उचललेल्या अवस्थेत दार उघडून लावून बघा. चांगल्या सिलच्या गाडीचं दार जमिनीवर लागतं तसंच वर लागतं. फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं किंवा हात घालू नका. खाली बघायचं तर स्टँड लावा.

विक्रेत्याने जॅक लावू दिला नाही तर? निघून या. मी खरंच निघून येतो. केंटमध्ये एका मित्रासाठी गडद हिरवी रोडस्टर बघायला गेलो होतो. फोटोंत देखणी होती, प्रत्यक्षात त्याहून देखणी. सिलवर काळा जाडसर दगडरोधक रंग मारलेला होता, सांधे त्याखाली दिसतच नव्हते. मालक सज्जन होता, जॅक लावू दिला. बाजू जेमतेम हातभर उचलली तर दाराची फट डोळ्यांदेखत बदलली, आणि उघडलेलं दार पुन्हा लागेना. मालकाचा चेहरा उतरला. त्याला स्वतःलाही हे माहीत नव्हतं. त्याने ती ‘पूर्ण नव्याने केलेली’ म्हणूनच घेतली होती. म्हणून सांगतो, विक्रेता प्रामाणिक असणं हा गाडीच्या प्रकृतीचा पुरावा नाही.

सिल बदललेत असं सांगितलं गेलं तर फोटो मागा. पावती नको, फोटो. योग्य काम कसं दिसतं ते लक्षात ठेवा: दाराच्या चौकटीत आडवा गज वेल्ड करून बॉडी आधी जखडलेली, पुढची विंग काढलेली (ती बोल्टची असते, निघते), मागच्या विंगचा खालचा भाग कापलेला, आतला पडदा आणि कॅसल रेल नवी, आणि मग बाहेरचा सिल पूर्ण लांबीचा. हे करताना बॉडी जखडली नसेल तर नव्या सिलसकट ती वाकडीच वेल्ड होते, आणि मग दार कधीच नीट बसत नाही. फोटोत फक्त दाराखालचा तुकडा कापून नवा जोडलेला दिसला, तर ते काम झालेलं नाही असं धरून किंमत बोला.

शेवटी आतून. गालिचा उचला, तळ आणि सिलच्या कोपऱ्यातला पत्रा अंगठ्याने दाबा. गंजरोधक मेण सोडण्यासाठी पाडलेली रबरी बुचांची भोकं असतील तर फोनला जोडायचा नळीचा कॅमेरा आत घाला. तो स्वस्तात मिळतो आणि मधला पडदा बघायचा दुसरा सोपा उपाय नाही. खालून, कॅसल रेलमधल्या पाण्याच्या वाटा मोकळ्या आहेत का ते बघा. काळ्या डांबरी लेपाने बुजवल्या असतील तर आत पाणी साचत आलंय.

काही गाड्या नव्या बॉडीवर उभ्या केलेल्या असतात. ब्रिटिश मोटर हेरिटेजने १९८८ पासून मूळ साच्यांवरच एमजीबीच्या बॉड्या पुन्हा बनवायला घेतल्या. ‘मूळ बॉडी नाही’ म्हणून नाक मुरडणारे भेटतील. वापरायला गाडी घेत असाल तर त्यांचं ऐकू नका. नीट बसवलेली हेरिटेज बॉडी माझ्या लेखी जास्त मोलाची.

बाकीचा गंज

सीटांमागच्या बॅटरीच्या पेट्या (१९७४ पर्यंत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असत), मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या टांगण्या, डिकीचा तळ, काचेखालचा पत्रा. पाट्यांच्या टांगण्या कुजल्या असतील तर गाडी सोडा, बाकीचं दुरुस्त होतं.

इंजिन आणि चालवणं

आधीच फोन करून सांगा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. बोनेटवर हात ठेवा, ते गार लागायला हवं. गरम झाल्यावर चालत्या गाडीत ऑइलचा दाब साधारण ५० ते ८० आणि उभ्या गाडीत १० ते २५ पीएसआय दिसला की इंजिनाचा विषय संपला. थोडं ऑइल गळणं या इंजिनाच्या स्वभावातच आहे.

ओव्हरड्राइव्ह (त्याच वेगात इंजिनाचे फेरे कमी करणारी जादा गिअरची सोय) असेल तर टॉप गिअरमध्ये चालू करून बघा. फेरे साधारण पाचव्या हिश्श्याने उतरायला हवेत. १९६७ पूर्वीच्या गाड्यांना पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअर न करकरता पडू देणारी सोय) नाही, तिथली करकर हा दोष धरू नका. आऱ्यांची चाकं असतील तर निघताना आणि ब्रेक लावताना मागून ‘टक्’ येतो का ऐका; येत असेल तर दाते झिजलेत, किमतीतून वजा करा.

१९७४ च्या शेवटी अमेरिकेच्या नियमांपायी काळे रबरी बंपर आले आणि गाडी उंच झाली. त्याआधीच्या क्रोम बंपरवाल्या गाडीसाठी लोक बरेच जास्त पैसे मोजतात. पहिल्यांदा घेणाऱ्याला मी बिनदिक्कत रबरी बंपरची, पण घट्ट सिलची गाडी घ्यायला लावतो.

सौदा आणि पहिला महिना

सापडलेले दोष कागदावर लिहा, सुट्या भागांच्या किमती शेजारी लिहा, तोच कागद विक्रेत्यापुढे ठेवा. आवाज चढवायची गरज पडत नाही. व्ही५सी हातात आल्याशिवाय पैसे पाठवू नका.

घरी आणल्यावर सिलच्या पोकळीत मेण भरून घ्या, पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या किंगपिनांना ग्रीस द्या आणि विंगच्या आतलं ते रबर बदला. सप्टेंबर २०२१ पासून इथलं साधं पेट्रोल ई१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं) आहे. जुन्या नळ्यांसाठी पंपावर ई५ चं सुपरच घ्या. व्हॉल्व्हच्या बैठका शिसेविरहित पेट्रोलसाठी बदलल्या आहेत का हे गाडी बघतानाच मालकाला विचारून घ्या. बदलल्या नसतील तर पेट्रोलमध्ये टाकायचं शिशाच्या जागचं द्रव्य डिकीत ठेवा आणि पुढे कधी इंजिनाचं हेड उतरेल तेव्हा ते काम उरकून घ्या.