शाईची बाटली सोलापुरात घरपोच मागवताना

फाउंटन पेनची शाई ऑनलाइन मागवताना बाटली फुटेल, ही सगळ्यांची पहिली धास्ती. खरं तर काच क्वचित फुटते. दगा देतं ते झाकण. म्हणून रंग निवडायला जेवढा वेळ घालवता, तेवढाच पॅकिंगची चौकशी करायला द्या.

आधी शाई पेनाचीच आहे ना, ते बघा. चित्रकलेची वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक तशाच बाटलीत मिळते, पण तिच्यात बहुधा लाख असते. ती फीडमध्ये, म्हणजे निबखालच्या शाई पुरवणाऱ्या भागात, वाळली की पाण्याने सुटत नाही, चांगलं पेन बाद होतं. मग माप बघा. कॅम्लिनची बाटली 60 मिलीची, लामीची 50 मिलीची. डायमाइन 30 आणि 80 मिलीत येते. भाव नेहमी मिलीमागे काढा. कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे शाई ओढून घेणाऱ्या पेनातल्या छोट्या नळीत, एका वेळी अर्धा ते एक मिली शाई मावते, म्हणजे 30 मिलीत निदान तीस वेळा पेन भरतं. नवा रंग आजमावायला छोटीच बाटली घ्या. डायमाइनची 30 मिलीची बाटली प्लॅस्टिकची असल्याने प्रवासातही निर्धास्त.

आता आपल्या उन्हाचं. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि पार्सल ट्रकमध्ये किंवा पत्र्याच्या शेडखाली पडून राहतं. शाई स्वतः फारशी फुगत नाही. 25 अंशांवरून 45 वर गेली तरी 60 मिलीत अर्धा मिलीही वाढत नाही. पण वरच्या पोकळीतली हवा तापून दाब टाकते. बाटली आडवी असेल तर तोच दाब शाईला झाकणाच्या आट्यांमधून बाहेर ढकलतो. त्यात रस्त्याच्या हादऱ्यांनी झाकण सैल झालेलं असतं. उन्हाळ्यात ऑर्डर सोमवारी-मंगळवारी टाका, म्हणजे पार्सल रविवारी गोडाऊनमध्ये अडकायची शक्यता कमी होते. शाई पाण्याची असली तरी द्रव म्हणून अनेक कुरियर ती विमानाने घेत नाहीत, त्यामुळे लांबून येणाऱ्या बाटलीला आठवडा धरूनच चाला.

विक्रेत्याला ऑर्डरबरोबरच कळवा: झाकण घट्ट करून त्यावर ताणून टेप लावा, आणि टेप झाकण बंद होतं त्याच दिशेने गुंडाळा. उलटी गुंडाळली तर ती ताणताना झाकणच सैल होतं, आणि हे अनुभवी दुकानदारही विसरतात. मग बाटली झिपच्या पिशवीत, पिशवीत टिश्यूचे दोन-तीन थर, बाहेर बबल रॅप आणि जाड खोका. खोका कानाशी धरून हलवला तर आत काही हलता कामा नये. असं पॅकिंग करायला जो कुरकुरतो, त्याच्याकडून घेऊच नका.

पार्सल हातात आलं की खोका चारी बाजूंनी बघा. निळा-काळा डाग दिसला तर कापण्याआधी मोबाइलवर व्हिडिओ सुरू करा. पत्त्याचं लेबल दिसू द्या आणि बाटली पिशवीतून बाहेर काढेपर्यंत व्हिडिओ थांबवू नका. गळकी बाटली परत न्यायला कुरियरवाले सहसा तयार नसतात, त्यामुळे पैसे परत मिळायचे तर तोच पुरावा. सगळं ठीक असलं तरी झाकण लगेच उघडू नका. बाटली उभी ठेवून दोन-तीन तास खोलीत थंड होऊ द्या, मग परातीत जुना टॉवेल अंथरून त्यावर उघडा. आट्यांवर वाळलेली शाई दिसली तर ओल्या फडक्याने पुसा. एखादा मिली कमी भरला म्हणून तक्रार करण्यात अर्थ नाही.

पहिल्यांदा पेन भरण्याआधी बाटलीमागे टॉर्च धरा. आत पांढरे धागे, वर तरंगणारा साय-सारखा पापुद्रा किंवा कुबट वास आला, तर ती बुरशी आहे. गाळून घेतली तरी ती शाई पेनात घालू नका. बुरशी पेनात शिरली की पुढच्या प्रत्येक बाटलीत जाते.

रंग बदलताना पेन बोअरच्या पाण्याने धुऊ नका, त्यातले क्षार फीडच्या बारीक खाचांत बसतात. आरओचं किंवा बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी वापरा. बाटली खिडकीत न ठेवता बंद कपाटात खालच्या फळीवर, उभीच ठेवा.