लहान पोरं घेऊन कोल्हापुरात येताय? आधी घर नाही, आधी आक्का शोधा

जून 2022 मध्ये आम्ही जळगावहून कोल्हापूरला आलो. नवऱ्याला शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतून सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, नोकरी लागली होती. मोठी मुलगी तेव्हा चार वर्षांची, धाकटा चौदा महिन्यांचा. सामान टेम्पोत गेलं आणि आम्ही चौघं महाराष्ट्र एक्सप्रेसनी. ही गाडी जळगाववरून थेट कोल्हापूरला येते म्हणून बरं, एका रात्रीचा प्रवास आहे, नाहीतर पुण्यात उतरून दोन पोरं आणि सहा पिशव्या घेऊन एसटी पकडायची म्हणजे विचारूच नका. खानदेशातनं येणाऱ्यांनी तिकीट मात्र लवकर काढा, सुट्टीत मिळत नाही.

आमचं चुकलं कुठं ते आधीच सांगते. आम्ही पहिलं घर शोधलं, मग शाळा, मग माझी नोकरी, आणि सगळ्यात शेवटी विचार केला की मी ऑफिसला गेल्यावर धाकट्याला बघणार कोण. हा सगळा क्रम उलटा पाहिजे होता, आधी पोरं सांभाळणारी एखादी आक्का, मग बाकीचं. जळगावला सासूबाई होत्या, बाजूला जाऊबाई होत्या, त्यामुळे हा प्रश्न असतो हेच डोक्यात नव्हतं.

घराचं सांगते. रमणमळ्याच्या बाजूला एक टू बीएचके बघितलेलं, हवेशीर, भाडं आमच्या बजेटमध्ये, मालक म्हणाले "इथं पुराचं पाणी बिणी काय येत न्हाई". टोकन द्यायला खिशातनं पैसे काढलेच होते, तेवढ्यात खाली रिक्षा पुसत बसलेल्या दादांना नवऱ्याने सहज विचारलं तर ते उठून भिंतीपाशी गेले आणि त्यांच्या छातीच्या वर हात लावून म्हणाले, "एकवीसला हितवर". झालं, टोकन परत खिशात. तर कोल्हापुरात घर बघताना मालकाला विचारू नका, एजंटला तर अजिबात नको, गल्लीतल्या दुकानदाराला विचारा की 2019 ला आणि 2021 ला पुराचं पाणी कुठपर्यंत आलेलं. लोक अगदी पायरी मोजून सांगतात. इथं जुलै लागला की "आज किती फूट?" हा प्रश्न सुरू होतो, मला आधी कळायचंच नाही कसले फूट. कसबा बावड्याजवळ राजाराम बंधारा आहे, तिथली पंचगंगेची पातळी ती. 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका, आणि त्या दोन वर्षी 55 च्या वर गेली होती.

शेवटी प्रतिभानगरात दुसऱ्या मजल्यावर घर घेतलं, उंचावर आहे, माझ्या कामाच्या दृष्टीने शाहूपुरी पण जवळ. पण उंचावर राहिलात म्हणजे पुराशी संबंध नाही असं समजू नका. नदीला पूर आला की पाणी उपसणारी केंद्रं बुडतात आणि नळाला पाणी येत नाही, म्हणजे बाहेर सगळीकडे पाणी आणि घरात धाकट्याचं ढुंगण धुवायला पाणी नाही. शेजारच्या काकू 2019 च्या टँकरच्या रांगा अजून सांगतात. मी जुलैपासून दोन मोठे ड्रम भरून ठेवते, दूध पावडरचा एक डबा ठेवते. आणि शिरोली नदीच्या पलीकडे आहे हे नकाशात बघताना आमच्या लक्षातच आलं नव्हतं. जुलै 2024 ला पाणी 43 च्या वर गेलं तेव्हा रस्ता बंद झाला तर काय करायचं म्हणून नवरा एक रात्र कंपनीतच थांबला, मी इकडे दोन पोरं घेऊन.

आता मुख्य गोष्ट. सप्टेंबरपासून मला शाहूपुरीतल्या एका सीएच्या ऑफिसात काम मिळालं. घाईघाईत धाकट्याला एका पाळणाघरात घातलं, भिंतीवर कार्टून रंगवलेले, फी आगाऊ घेतली, सीसीटीव्ही आहे म्हणाले. अकरा दिवस ठेवला. बाराव्या दिवशी मी लवकर सुटून दुपारी अचानक गेले तर सगळी पोरं टीव्हीसमोर ओळीने बसवलेली आणि याचा डायपर मी सकाळी घातलेला तोच. भांडण नाही केलं, उचलला आणि घरी आले, जिन्यात बसून रडले हे खरं. तेव्हा तळमजल्यावरच्या आक्का बाहेर आल्या. त्यांच्याशी माझी ओळख म्हणजे फक्त गॅलरीतनं हसण्यापुरती. म्हणाल्या, "पोरगं दिवसभर कुठं ठेवतीस गं? रडून रडून घसा बसलाय की त्येचा. उद्यापासनं हितं सोड, मी बघतो."

मी बघतो! बाईमाणूस "मी बघतो" म्हणतंय, मला एकदम कळेचना. ते पुढे सांगते.

आक्का साठीच्या आहेत, सुना पुण्याला, घरात दोघंच. त्यांनी पैशाचं "नंतर बघू" म्हटलं आणि इथे मी एक शहाणपणा केला, नंतर बघू दिलं नाही. त्याच संध्याकाळी चहा घेत बसून ठरवलं. महिन्याला 4,500, सकाळी साडेनऊ ते पाच, जेवण माझं डब्यातनं, दूध त्यांच्याकडचं आणि त्याचे पैसे वेगळे, ताप असेल तर पोरगं माझ्याकडे, आणि त्यांच्या सुट्ट्या कोणत्या. ही सुट्ट्यांची यादी आधी करून घ्या बरं का, कारण कोल्हापूरकडच्या माणसाचं कॅलेंडर वेगळं आहे. चैत्रात जोतिबाची यात्रा, आषाढात त्र्यंबोलीची, नवरात्रात अंबाबाईला जायचं, आणि गावची म्हाई. म्हाई म्हणजे गावची जत्रा, दोन दिवस पाहुणे आणि मटण, तेव्हा आक्का गावी जाणार म्हणजे जाणारच, कुणी अडवायचं नाही. पहिल्या वर्षी मला माहीत नव्हतं, आदल्या रात्री कळलं, आणि मी पोराला घेऊन ऑफिसात गेले, त्याने एका गुळाच्या व्यापाऱ्याच्या फायलीवर बिस्किट चुरलं. आता त्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने असतात आणि त्या दिवशी नवरा दुसरी शिफ्ट मागून घेतो.

अशी आक्का सगळ्यांना तळमजल्यावर मिळत नाही हे मान्य. पण शोधायची कशी ते सांगू शकते, कारण नंतर माझ्या ऑफिसातल्या एकीसाठी शोधली. जाहिराती बघू नका. गल्लीतली अंगणवाडी शोधा, तिथल्या सेविका ताईंना आजूबाजूच्या प्रत्येक घराची माहिती असते. शाळेच्या रिक्षावाल्या मामांना विचारा. किराणा दुकानात उधारी नका करू पण गप्पा मारा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावलं नसलं तरी जा, खरंच जा. घर भाड्याने घेण्याआधी पंधरा दिवस एखाद्या नातेवाइकाकडे किंवा कंपनीच्या गेस्ट हाउसला राहता आलं तर राहा आणि त्या पंधरा दिवसात माणूस शोधा, मग त्या माणसाच्या चालण्याच्या अंतरावर घर घ्या. ऑफिस लांब असलं तरी चालतं, मोठं माणूस ट्रॅफिकमध्ये रडत नाही. म्हणजे रडतं, पण सांभाळतं.

नोकरीचं. मी अकाउंटंट. डिसेंबर 2017 ला मोठीच्या वेळी काम सोडलं तेव्हा जीएसटी येऊन सहाच महिने झालेले, माल गाडीतनं पाठवताना लागतं ते ई-वे बिल पण सुरू झालं नव्हतं. पावणेपाच वर्षांनी परत बसले तर हिशोबाचं सॉफ्टवेअर टॅली ईआरपी 9 जाऊन टॅली प्राईम आलेलं, छोट्यांसाठी तीन महिन्यांनी रिटर्न भरायची सोय आलेली, आणि ई-इनव्हॉइस, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवायचं. ते कुणाला सक्तीचं याची मर्यादा मी जॉईन झाले त्याच सुमारास, 1 ऑक्टोबर 2022 पासून 20 कोटींवरून 10 कोटी उलाढालीवर आली, आणि ऑगस्ट 2023 पासून 5 कोटींवर. आमचे निम्मे क्लायंट फाउंड्रीवाले आणि त्यांची कास्टिंग मशिनिंग करून देणारे, ते सगळे एकेक करून यात येत गेले. गॅप असलेल्यांना माझं सांगणं एवढंच की कोर्सला पंचवीस हजार घालण्याआधी घरी तीन महिने रोज रात्री एक तास बसा, ओळखीच्या एखाद्या दुकानाचं जुनं वर्ष टॅली प्राईमवर स्वतः पूर्ण एंट्री करून बघा, बँक जुळवा, रिटर्नशी जुळवा. मी इंटरव्ह्यूला तेच प्रिंट घेऊन गेले. सरांनी गॅपबद्दल एक प्रश्न विचारला आणि त्या प्रिंटबद्दल दहा.

आणि पोरांचं लपवू नका. मी पहिल्याच दिवशी सांगितलं की दहा ते साडेचार बसेन, उरलेलं रात्री नऊनंतर घरून करेन, 11 आणि 20 तारीख चुकणार नाही. या तारखा म्हणजे महिन्याची जीएसटी रिटर्न भरायची शेवटची मुदत. सर म्हणाले पगार त्या हिशोबाने कमी, मी म्हटलं चालेल. पहिली दोन वर्षं कमी पैसे घेतले त्याचं मला काही वाटत नाही. वाटतं ते एवढंच की पोरांना ताप बरोबर 19 तारखेलाच येतो, याच्यावर कुणीतरी संशोधन केलं पाहिजे.

नवऱ्याच्या शिफ्ट असतील तर तिसरी शिफ्ट सगळ्यात वाईट. माणूस सकाळी घरी येऊन झोपणार आणि घरात दोन पोरं भांडी वाजवणार. आम्ही त्या आठवड्यात रविवारी सकाळी पोरांना शिवाजी विद्यापीठात फिरायला नेतो, म्हणजे मी नेते. मोकळा रस्ता, झाडं, मोर दिसला तर दिसला. रंकाळ्याला संध्याकाळी भेळ खायला बरं, पण लहान पोर सुटलं की पाण्याकडे पळतं, मला तिथे निवांत बसताच येत नाही.

शाळेचं थोडक्यात. पहिलीला घालायचं तर 31 डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण लागतात, नर्सरीला तीन, त्यावरून मागे मोजा. जन्मदाखल्यावर मुलाचं नाव आहे का ते गाव सोडायच्या आधीच बघा, नुसतं "मुलगी" असं लिहिलेलं असेल तर परत जळगाव. भाडेकरार नोंदणी केलेला ठेवा. इंग्लिश मीडियमच्या मागे सगळे लागतात, पण इथे जरगनगरला महापालिकेची मराठी शाळा आहे, तिथे गुढीपाडव्याला प्रवेश असतो आणि पालक आदल्या रात्रीपासून रांगेत बसतात. हो, सरकारी शाळेसाठी रांग! मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा थापा वाटल्या. आम्हाला ते लांब पडत होतं म्हणून मोठीला जवळच्या शाळेत घातलं, पण तिकडे राहत असाल तर नक्की बघा.

पाऊस. जळगावला मे महिन्यात कपडे तासाभरात कडक व्हायचे. इथे जुलैत लंगोट तीन तीन दिवस ओले, घरभर दोऱ्या, वास, पंख्याखाली टोपडी. इस्त्रीने वाळवायचे. कपड्यांचे सेट दुप्पट आणा, दुसरं काय सांगणार. पहिल्या ऑगस्टला धाकट्याला जुलाब लागले. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण टाकायचं, अर्धं अर्धं नाही, आणि डॉक्टरांनी दिलेलं झिंक जुलाब थांबले तरी 14 दिवस द्यायचं, हे मला तेव्हा कळलं, मी चौथ्या दिवशी बंद केलेलं. मुलांचा डॉक्टर पोरगं बरं असतानाच शोधून ठेवा, रिक्षाला किती लागतात ते पण. रात्री काही झालंच तर सीपीआर हे सरकारी हॉस्पिटल चोवीस तास चालू असतं. लसीचं कार्ड जळगावचं असलं तरी चालतं, गोवरची दुसरी लस आणि बूस्टर आम्ही इथल्या महापालिकेच्या आरोग्य केंद्रात फुकट घेतले, ताईंनी फक्त एवढंच म्हटलं की कार्ड लॅमिनेट का केलंय, आता लिहू कशावर.

आणि ते "मी बघतो". जळगावला आम्ही "मी गेली" म्हणतो, पुस्तकात "मी गेले" असतं, आणि कोल्हापुरात बायका सर्रास "मी गेलो" म्हणतात. सहा महिन्यांत मोठी फोनवर आजीला म्हणाली, "आज्जी, मी जेवलो, आता झोपतो." तिकडे सासूबाई घाबरल्या, पोरगी पोरासारखी का बोलते, शाळेत काही शिकवलं का. धाकटा तर आता आम्हाला "काय करायलाईस?" विचारतो आणि वरणबट्टीपेक्षा आक्कांकडचा पांढरा रस्सा त्याला जास्त आवडतो. तिखट आम्हाला नवीन नाही, खानदेशी आहोत, पण पांढऱ्या रश्श्याने पोरगं पळवलं. सासूबाईंना मी हे अजून सांगितलेलं नाही.

बरं, अजून बरंच लिहायचं होतं, भाड्याच्या डिपॉझिटचं, केएमटी बसचं. पण आक्का म्हाईला गेल्यात, आज 19 तारीख आहे आणि धाकट्याचं अंग सकाळपासून जरा गरमच लागतंय.