पोकेमॉन गो: स्टारडस्ट खर्च करण्याआधी आयव्हीकडे किती बघायचं?

दिवाळीच्या सुट्टीत भाची घरी आली होती. फराळाची ताटली बाजूला सारून तिने फोन माझ्यापुढे धरला. "मामा, हा टाकून देऊ?" स्क्रीनवर मॅमोस्वाइन हा पोकेमॉन. स्वायनब या त्याच्या लहान रूपापासून तिने स्वतः वाढवलेला, लेव्हल ३०. अप्रेझमध्ये, म्हणजे गेममधल्या मूल्यमापनात, मात्र एकच तारा. त्याची आयव्ही, म्हणजे प्रत्येक पोकेमॉनला मिळालेले जन्मजात आकडे, अशी: हल्ला ६, बचाव ११, एचपी (जीवनशक्ती) ९. वर्गात कुणीतरी सांगितलं होतं की तीन तारे नसतील तर ठेवायचाच नाही. तिच्याकडे पोकेमॉनची ताकद वाढवायला लागणारी स्टारडस्ट जेमतेम ७०,००० शिल्लक होती आणि ती सगळी एका नव्या, तीन तारेवाल्या स्वायनबवर घालायची तिची तयारी होती.

मी तिला थांबवलं. का थांबवलं, ते या लेखात पायरीपायरीने सांगतो. भारतात डिसेंबर २०१६ मध्ये हा गेम अधिकृतपणे आला, तेव्हापासून मी खेळतोय. आयव्हीच्या नादापायी लोक चांगले, कामाचे पोकेमॉन ट्रान्सफर करतात, म्हणजे कायमचे देऊन टाकतात, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं.

पायरी १: तारे नीट वाचा

पोकेमॉन उघडा, मेन्यूतून अप्रेझ निवडा. तीन पट्ट्या दिसतील: हल्ला, बचाव, एचपी. प्रत्येक पट्टी ० ते १५ ची, म्हणजे एकूण ४५. बेरीज ३७ किंवा त्याहून जास्त असेल तर तीन तारे, ३० ते ३६ ला दोन, २३ ते २९ ला एक. तिन्ही पट्ट्या पूर्ण भरल्या, तर तो आपला हंडो. शोधपट्टीत इंग्रजी ४ चा आकडा आणि त्याला लागून * टाकलं की तुमच्याकडचे सगळे हंडो समोर येतात.

आता मुख्य गोष्ट. हे ० ते १५ आकडे त्या जातीच्या मूळ आकड्यात मिळवले जातात. मॅमोस्वाइनचा मूळ हल्ला २४७ आहे. भाचीच्या मॅमोस्वाइनचा झाला २५३, हंडोचा झाला असता २६२. फरक साडेतीन टक्क्यांचा. पट्टी अर्ध्याहून जास्त रिकामी दिसते म्हणून पोकेमॉन अर्ध्या ताकदीचा वाटतो, पण ती पट्टी फक्त वरच्या थोड्याशा भागाची आहे. २४७ चा पाया त्यात दिसतच नाही.

पायरी २: पोकेमॉनचं काम ठरवा

रेडसाठी (अनेकांनी मिळून एका ताकदवान पोकेमॉनशी लढायला) हवा, लीगसाठी (दुसऱ्या खेळाडूंशी लढायला) हवा, की नुसताच जवळ हवा? एवढं ठरल्याशिवाय पॉवर अपच्या, म्हणजे लेव्हल वाढवण्याच्या, बटणाला हात लावू नका. तिन्हींचं गणित वेगळं आहे आणि एकाचा नियम दुसऱ्याला लावला की स्टारडस्ट वाया जाते.

पायरी ३: रेडसाठी टाइप, मूव्ह, लेव्हल आणि शेवटी आयव्ही

हा क्रम उलटा करू नका.

टाइप म्हणजे पोकेमॉनचा किंवा त्याच्या मूव्हचा (लढाईतल्या डावाचा) प्रकार, जसा आइस किंवा ड्रॅगन. टाइपचा फायदा मिळाला की मूव्हचा मारा १.६ पट होतो. समोरच्याचे दोन्ही टाइप त्या मूव्हपुढे कच्चे असतील, तर २.५६ पट. रेक्वाझा ड्रॅगन आणि फ्लाइंग आहे, त्यामुळे आइस मूव्ह त्याला २.५६ पट लागते. ड्रॅगन मूव्ह लागते १.६ पटच. साडेतीन टक्क्यांची चिंता या आकड्यांशेजारी ठेवून पाहा.

मग मूव्ह. पोकेमॉनचा स्वतःचा टाइप आणि मूव्हचा टाइप एकच असेल तर मारा १.२ पट होतो. हवामान जुळलं तर आणखी १.२ पट. मॅमोस्वाइनवर पावडर स्नो आणि अ‍ॅव्हलांच ही जोडी हवी. भाचीच्या मॅमोस्वाइनवर पावडर स्नो होती, पण चार्ज्ड मूव्ह (ऊर्जा साठवून टाकायचा मोठा डाव) जमिनीच्या टाइपची, म्हणजे बुलडोझ होती. फ्लाइंग टाइपवर ती फारशी चालतच नाही. खरी अडचण ही होती, तारा नव्हे. ही मूव्ह बदलणारे चार्ज्ड टीएम तिच्याकडे पडून होते. दुसऱ्याच टीएमला अ‍ॅव्हलांच आली.

मग लेव्हल. इथे जरा हिशेब करू, कारण बहुतेकांची स्टारडस्ट इथेच जाते.

लेव्हल २० वरून ३० ला न्यायला ७५,००० स्टारडस्ट लागते आणि पोकेमॉनचे आकडे साधारण २२ टक्क्यांनी वाढतात. ३० वरून ४० ला न्यायला १,५०,००० लागते, म्हणजे बरोबर दुप्पट, आणि वाढ मिळते ८ टक्के. म्हणून रेडची टीम उभी करताना एकालाच ४० पर्यंत खेचण्यापेक्षा सहाही जणांना आधी ३० पर्यंत आणा.

आता भाचीच्या हातातल्या ७०,००० चं काय करायचं? लेव्हल २० चा तीन तारेवाला स्वायनब घेतला तर ३० ला पोहोचायलाच ७५,००० लागणार होती. शिवाय मॅमोस्वाइन होईपर्यंत रूप बदलायला १२५ कँडी आणि एक सिनो स्टोन, या गेममधल्या वस्तू. एवढं करून आधीच्यापेक्षा जास्तीत जास्त साडेतीन टक्के जास्त हल्ला. त्याऐवजी हातातला एक तारेवालाच ३० वरून ३५ ला नेला तर ६२,००० लागते आणि आकडे ४ टक्क्यांनी वाढतात. हल्ला, बचाव आणि एचपी, तिन्ही. वहीच्या मागच्या पानावर मी हे मांडून दाखवलं. तिने पेन घेऊन बेरीज पुन्हा तपासली आणि मग तिला पटलं.

आयव्ही बघायची ती बरोबरीच्या दोघांमध्ये. जात तीच, लेव्हल जवळपास तीच, मूव्ह मिळण्यासारख्या, तर जास्त आयव्हीवाल्याला पुढे न्या.

पायरी ४: शॅडो पोकेमॉन घाईने प्युरिफाय करू नका

टीम गो रॉकेट या गेममधल्या खलनायकांच्या टोळीकडून मिळालेला शॅडो पोकेमॉन २० टक्के जास्त मारतो. बदल्यात त्याला मारही जास्त बसतो. प्युरिफाय केलं, म्हणजे शॅडोचा साधा केला, की प्रत्येक आयव्ही २ ने वाढते आणि हा २० टक्क्यांचा फायदा कायमचा जातो. १३, १३, १३ चा शॅडो मिळाला की हंडो करण्याचा मोह होतो, मला कळतं. पण रेडमध्ये हल्ल्याची आयव्ही ० असलेला शॅडो मॅमोस्वाइनही साध्या हंडोपेक्षा जोरात मारतो. त्याच्यावरची फ्रस्ट्रेशन ही मूव्ह मात्र टीम गो रॉकेटच्या खास इव्हेंटमध्येच चार्ज्ड टीएमने काढता येते. त्यासाठी दोन-चार टीएम राखून ठेवा.

पायरी ५: ग्रेट लीगमध्ये हिशेब उलटा

ग्रेट लीगला १५०० सीपीची (पोकेमॉनच्या एकूण ताकदीच्या आकड्याची) मर्यादा आहे, अल्ट्रा लीगला २५००. सीपी काढताना हल्ल्याचा आकडा पूर्ण धरतात, बचाव आणि एचपीचं मात्र वर्गमूळ. म्हणजे हल्ला जास्त असला की सीपी भराभर चढतो आणि पोकेमॉन कमी लेव्हललाच मर्यादेवर अडकतो.

स्वॅम्पर्टचं उदाहरण घ्या. हंडो स्वॅम्पर्ट ग्रेट लीगसाठी लेव्हल १७.५ पर्यंतच नेता येतो, एचपी १३४. हल्ला ०, बचाव १५, एचपी १५ असा स्वॅम्पर्ट १८.५ पर्यंत जातो, एचपी १३७ आणि बचावही सुमारे ३ टक्के जास्त. हल्ला ४ टक्क्यांनी कमी, पण मैदानात टिकतो जास्त. असा पोकेमॉन अप्रेझमध्ये दोनच तारे दाखवतो. तीन तारे नसलेले सरसकट ट्रान्सफर करणारा लीगचे उत्तम पोकेमॉन रोज स्वतःच्या हाताने घालवत असतो.

ते शोधायला शोधपट्टीत ही ओळ इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाका: शून्य-एक अ‍ॅटॅक, तीन-चार डिफेन्स, तीन-चार एचपी. आकड्यांमध्ये आडवी रेघ आणि तिन्ही भागांमध्ये & चं चिन्ह. इथे ० म्हणजे शून्य, १ म्हणजे १ ते ५, ३ म्हणजे ११ ते १४ आणि ४ म्हणजे पूर्ण १५. साफसफाई करण्याआधी हा शोध दर वेळी घ्या.

मास्टर लीगला सीपीची मर्यादा नाही. तिथे मात्र १५ च्या मागे लागणं योग्यच. दोघांनी एकाच क्षणी चार्ज्ड मूव्ह टाकली तर ज्याचा हल्ला जास्त त्याची मूव्ह आधी जाते. समोर तुमच्याच जातीचा पोकेमॉन उभा असेल तेव्हा एका आकड्यावरही सामना फिरतो.

पायरी ६: हंडो हवाच असेल तर योग्य जागी शोधा

रस्त्यावर सहज पकडलेला पोकेमॉन हंडो निघण्याची शक्यता ४०९६ मध्ये १. हवामान जुळलेलं असेल तर १७२८ मध्ये १. साध्या रेडमधल्या पोकेमॉनची एकही आयव्ही १० च्या खाली नसते, म्हणून तिथे २१६ मध्ये १. लकी ट्रेडमध्ये, म्हणजे मित्राशी अदलाबदल करताना पोकेमॉन लकी ठरला तर, किमान १२, म्हणून ६४ मध्ये १.

ट्रेड केल्यावर आयव्ही नव्याने ठरते. म्हणून जास्तीचे पोकेमॉन थेट ट्रान्सफर करण्याआधी मित्राशी बदलून पाहा. एकदा ट्रेड झालेला पोकेमॉन पुन्हा बदलता येत नाही, हे लक्षात असू द्या. लकी निघाला तर पॉवर अपची स्टारडस्ट निम्मीच लागते. माझ्या मते आयव्हीपेक्षा हा फायदा मोठा आहे. दोन्ही पोकेमॉन पकडल्याच्या जागा १०० किलोमीटरपेक्षा दूर असतील तर कँडीही तीन मिळतात. भाची नागपूरची, मी पुण्याचा, त्यामुळे तिच्या प्रत्येक सुट्टीत आमचा हा उद्योग ठरलेला.

निन्टेंडो स्विचवर खेळणाऱ्यांसाठी

मूळ मालिकेत आयव्ही ० ते ३१ असते. एकाच पोकेमॉनसाठी शेकडो अंडी उबवायची वेळ आता राहिलेली नाही. २०२२ च्या स्कार्लेट आणि व्हायोलेटमध्ये लेव्हल ५० झाल्यावर बॉटल कॅप ही वस्तू देऊन हायपर ट्रेनिंग करता येतं, म्हणजे आकडे कमाल आयव्ही असल्यासारखे करता येतात, आणि मिंट या वस्तूने स्वभावाचा आकड्यांवरचा परिणाम बदलता येतो. कथा संपवायला यातलं काहीच लागत नाही. ऑनलाइन स्पर्धात्मक लढाया खेळायच्या ठरवल्या की मगच याकडे वळा.

ट्रान्सफरचं बटण दाबण्याआधी

शॅडो, लकी, पोशाखातले, जुन्या कम्युनिटी डेची (गेममधल्या खास दिवसाची) मूव्ह असलेले आणि पायरी ५ च्या शोधात सापडलेले पोकेमॉन वेगळे काढा आणि त्यांना टॅग लावा. ट्रान्सफर केलेला पोकेमॉन परत मिळत नाही. आपण पहिल्यांदा पकडलेला, कुणी भेट म्हणून दिलेला किंवा महिनोन्‌महिने बडी (सोबती) म्हणून फिरवलेला पोकेमॉनही टॅग करा, मग त्याला शून्य तारे का असेनात.

भाचीने मॅमोस्वाइनला आधी टॅग लावला, मग ३५ पर्यंत नेला. त्याच आठवड्यात रेक्वाझाच्या रेडला आम्ही गेलो, तर तिने टीममध्ये सगळ्यात पुढे त्यालाच ठेवलं.