फायब्रॉइडसाठी हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत? या चुका टाळा

गौरी-गणपतीच्या आधी आमच्या मेडिकलच्या काउंटरवर नॉरएथिस्टेरॉनची मागणी एकदम वाढते. पाळी पुढे ढकलायची ती हीच गोळी. फायब्रॉइडमुळे, म्हणजे गर्भाशयातल्या गाठीमुळे, अंगावरून जास्त जात असेल तर डॉक्टर हीच गोळी लिहून देतात, आणि खरा घोळ तिथे होतो. रक्त थांबलं की वाटतं, गाठ विरघळली! गाठ होती तिथेच असते. गोळी गर्भाशयाचं अस्तर धरून ठेवते, एवढंच.

कोर्स संपला की दोन-तीन दिवसांत पुन्हा रक्त जातं. ते जायलाच हवं, पण 'गोळी लागू पडली नाही' म्हणून उरलेली पट्टी परत सुरू होते. एक मावशी असंच करत राहिल्या. चिठ्ठी घडीवर फाटलेली, तारीख आदल्या दिवाळीची. मी गोळ्या दिल्या नाहीत, आधी रक्त तपासायला लावलं. हिमोग्लोबिन ७ निघालं. बरं, त्या लोहाची गोळी घेत होत्या, पण सकाळच्या चहाबरोबर! चहाने लोह नीट शोषलं जात नाही. लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहा तास-दोन तासांनी.

गाठ आकसवणाऱ्या ल्युप्रोलाइडच्या इंजेक्शनचं उलटं. पहिल्या एक-दोन आठवड्यांत इस्ट्रोजेन हे हार्मोन आधी वाढतं, त्यामुळे रक्तस्राव वाढू शकतो. घाबरून दुसरा डोस परस्पर चुकवू नका, डॉक्टरांना फोन करा. पुढच्या ३ ते ६ महिन्यांत गाठ आकसते, पण औषध थांबलं की परत वाढते. म्हणून हे बहुतेक वेळा ऑपरेशनच्या आधी देतात. घरात लग्न आहे म्हणून तारीख चार-सहा महिने पुढे ढकलली, तर इंजेक्शनचा खर्च पाण्यात. आणि तेच इंजेक्शन वर्षभर चालू ठेवू म्हणाल, तर हाडं ठिसूळ होतात.

शेजारणीची गोळी तर नकोच. मिफेप्रिस्टोन फायब्रॉइडसाठी अगदी कमी मात्रेत देतात. २०० मिलिग्रॅमची गोळी गर्भपाताची असते. नाव एक, काम वेगळं. युलिप्रिस्टल ही फायब्रॉइडचीच आणखी एक गोळी; ती घेणाऱ्या काही जणींचं यकृत गंभीर बिघडलं, म्हणून २०२० मध्ये युरोपात त्याच्या वापरावर कडक मर्यादा आल्या.

पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल, डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकत असेल, तर कुठलीही हार्मोनची गोळी सुरू करण्याआधी ते सांगा. विचारलं नाही तरी सांगा.

वय ४५च्या पुढे असेल आणि पाळी बिघडली असेल, तर 'फायब्रॉइडच असणार' म्हणून गोळ्यांवर दिवस काढू नका. अस्तराचा तुकडा तपासावा लागू शकतो. पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर डाग दिसला तर तो एकदाच दिसला तरी दाखवायचा.

तासाला एक पॅड भिजतंय, असं दोन तास चाललंय, चक्कर येतेय किंवा एकच पोटरी सुजून दुखतेय, धाप लागतेय, तर आमच्याकडे येऊ नका. रिक्षा थेट हॉस्पिटलला न्या, आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्या पर्समध्ये टाका.